हा आवाज कुणाचा? आध्यात्मिक अनुभव पवित्र शास्त्राच्या कसोटीवर कसा पारखावा

रात्री हाक आली आणि लहानगा शमुवेल उठून धावत गेला, तो एलीकडे. एकदा नाही, तीनदा. हाक खरी होती, देवाचीच होती आणि ऐकणारा मुलगाही प्रामाणिक होता. फक्त ती कुणाची हे त्याला ओळखता आलं नाही. तिसऱ्या खेपेला म्हाताऱ्या एली याजकाच्या लक्षात आलं, तेव्हा कुठे उलगडा झाला (१ शमुवेल ३). "काल रात्री प्रभू माझ्याशी बोलला" असं कुणी सांगत आलं, की मी त्याला आधी हा अध्याय वाचायला देतो. शंका घ्यायची म्हणून नव्हे. अनुभव खरा असू शकतो आणि तरीही आपण त्याचा लावलेला अर्थ चुकू शकतो, एवढंच त्याच्या ध्यानात यावं म्हणून.

पारख करणं म्हणजे अविश्वास दाखवणं, असं बऱ्याच विश्वासणाऱ्यांना वाटतं. पौल मात्र "आत्म्याला विझवू नका" आणि "सर्व गोष्टींची पारख करा" ही दोन्ही वाक्यं एका दमात लिहितो (१ थेस्सलनीका ५:१९-२१). योहान तर प्रत्येक आत्म्यावर विश्वास ठेवू नका असं सरळ बजावतो (१ योहान ४:१). बिरुयातल्या लोकांनी खुद्द पौलाचं बोलणं रोज शास्त्र उघडून तपासलं, आणि त्याबद्दल त्यांना मोठ्या मनाचे म्हटलं आहे (प्रेषितांची कृत्ये १७:११). पौलाला जे चाललं ते तुमच्या-माझ्या स्वप्नाला चालायला हरकत नसावी.

आत्म्याची कृपादाने (संदेश देणं, आजार बरे करणं यांसारख्या देणग्या) आजही चालू आहेत की प्रेषितांच्या काळाबरोबर थांबली, यावर मंडळ्यांमध्ये मतभेद आहेत. त्या वादात इथे शिरत नाही. चालू आहेत म्हणणाऱ्यांना पारख हवीच, आणि थांबली म्हणणाऱ्यांनाही स्वप्नं पडतातच.

आधी लिहा, मग बोला

अनुभव आला की कुणालाही सांगण्याआधी तो वहीत उतरवा, शक्यतो त्याच दिवशी. चार जणांना सांगितलं की गोष्टीला धार चढते, गाळलेल्या जागा आपोआप भरल्या जातात आणि आठवड्याभराने आपल्यालाही मूळ काय होतं ते आठवत नाही.

लिहिताना तीन भाग वेगळे ठेवा: काय घडलं, मी त्याचा काय अर्थ लावला, आणि आता मी काय करणार आहे. "पांढऱ्या कपड्यातला माणूस दाराशी उभा होता, काही बोलला नाही, मी रडत जागा झालो" हे घडलेलं. "तो देवदूत होता आणि मी सेवेत यावं असं त्याला सुचवायचं होतं" हा अर्थ. "येत्या महिन्यात नोकरी सोडतो" ही कृती. कागदावर मांडलं की दिसतं, पहिल्या ओळीतून तिसरी निघतच नाही. मधली उडी आपण मारलेली असते. खाली शरीराची अवस्थाही नोंदवा: झोप किती झाली होती, उपास होता का, ताप होता का, नवं औषध सुरू झालं होतं का, घरात नुकताच कुणाचा मृत्यू झाला होता का. यातलं काही असलं म्हणून अनुभव खोटा ठरत नाही. यापोत घराच्या गच्चीवर पेत्राला दृष्टांत झाला तेव्हा त्यालाही कडकडून भूक लागली होती, आणि शास्त्राने ती लपवलेली नाही.

अर्थ आणि घटना यांच्यातलं हे अंतर सगळ्यात स्पष्ट दिसतं ते अगबाच्या प्रसंगात (प्रेषितांची कृत्ये २१). अगब संदेष्टा कैसरियात आला, त्याने पौलाचा कमरबंद घेऊन स्वतःचे हातपाय बांधले आणि सांगितलं, की हा ज्याचा आहे त्याला यरुशलेमेत असंच बांधतील. संदेश एवढाच. ऐकणाऱ्यांनी रडत पौलाला विनवलं, की यरुशलेमेला जाऊ नकोस. पौल म्हणाला, मी बांधून घ्यायलाच काय, मरायलाही तयार आहे. तोच संदेश, तेच शब्द, आणि दोन उलटी अनुमानं. अगबाच्या तोंडी "जाऊ नकोस" हे शब्द नाहीत. ते माणसांच्या प्रेमाने जोडले. (सोरमधल्या शिष्यांनी "आत्म्याच्या द्वारे" पौलाला जाऊ नको म्हटल्याचं त्याच अध्यायाच्या चौथ्या वचनात आहे. त्यावर भाष्यकारांची मतं वेगळी आहेत. मला वाटतं तिथेही असंच घडलं असावं: संकट कळलं ते आत्म्याकडून, विनवणी मायेची.) आपल्या बाबतीत चुका होतात त्या बहुतेक इथेच, दृष्टांत पाहण्यात नव्हे.

घाई कोण करतं आहे?

यरुशलेम पडल्यानंतर उरलेल्या लोकांनी घाबरून यिर्मयाला विचारलं, आम्ही कुठे जावं? बाबेलची फौज सूड घ्यायला येईल ही भीती काही काल्पनिक नव्हती. तरी यिर्मयाने उत्तर दिलं ते दहा दिवसांनी (यिर्मया ४२:७). चाळीसएक वर्षं संदेष्टेपण केलेला माणूस दहा दिवस थांबतो.

त्याच पुस्तकात याहून बोलकी एक जागा आहे. यिर्मया पहारेकऱ्यांच्या चौकात कैदेत असताना त्याला वचन आलं, की तुझा चुलतभाऊ हनामेल अनाथोथातलं शेत विकायला तुझ्याकडे येईल. मग हनामेल खरोखर आला, आणि त्यावर यिर्मया लिहितो: तेव्हा मला कळलं की हे परमेश्वराचं वचन होतं (३२:८). "तेव्हा" हा शब्द अधोरेखित करून ठेवा.

म्हणून मोठा निर्णय असेल तर मुदत ठरवूनच थांबा: दहा दिवस, महिना, काय झेपेल ते. "आजच पाऊल उचललं नाहीस तर आशीर्वाद हुकेल" असा धाक संदेशात किंवा संदेश आणणाऱ्याच्या बोलण्यात असेल, तर तेवढ्यासाठी मुदत दुप्पट करा. अपवाद एकच. योसेफाला स्वप्नात धोका कळला आणि तो त्याच रात्री बाळाला आणि त्याच्या आईला घेऊन निघाला (मत्तय २:१४). जीव वाचवायचा असेल आणि सुरक्षित जागी गेल्याने कुणाचंच नुकसान होणार नसेल, तर वही बाजूला ठेवून आधी निघा.

मागणी काय आहे ते पाहा

आता शास्त्र उघडायचं. पहिला प्रश्न असा: हा अनुभव मला काय करायला सांगतो, आणि त्याबद्दल शास्त्राने आधीच काही म्हटलं आहे का?

शास्त्राने स्पष्ट मनाई केली असेल तर पारख तिथेच संपली. यरुशलेमेचा कोट पुन्हा बांधणाऱ्या नहेम्याचं उदाहरण घ्या. शमाया नावाच्या माणसाने त्याला सांगितलं, आज रात्री तुला मारायला येणार आहेत, चल, मंदिराच्या आत जाऊन दारं लावून घेऊ. सल्ला काळजीचा, भाषा संदेशाची. पण नहेम्या याजक नव्हता आणि पवित्रस्थानात शिरायची त्याला मुभा नव्हती. तेवढ्यावरून त्याने ओळखलं, की याला देवाने पाठवलेलं नाही. शमायाला नहेम्याचे विरोधक तोबीया आणि सनबल्लट यांनी पैसे चारले होते (नहेम्या ६:१०-१३). लबाडी कर, लग्नाचा करार मोड, आईवडिलांना टाक, अमक्याला क्षमा करू नकोस, असं सांगणारा आवाज कितीही तेजस्वी असला तरी त्याच्यावर पुढे विचार करत बसायची गरज नाही. सैतानही तेजस्वी दूताचं रूप घेतो (२ करिंथ ११:१४).

शास्त्राने आधीच आज्ञा दिली असेल तरीही काम सोपं आहे. भावाशी समेट कर, गरिबाला दे, हे करायला स्वप्नाचा शिक्का लागत नाही. करून टाका. स्वप्न कुठून आलं हा प्रश्न मग बिनमहत्त्वाचा होतो.

उरतो तिसरा प्रकार, आणि बहुतेक अनुभव याच प्रकारातले असतात: कुणाशी लग्न करावं, कुठली नोकरी धरावी, कुठल्या गावी राहावं. यावर नेमकं वचन नाही. अशा ठिकाणी अनुभवाला एक मत द्या, पण निकालाचा अधिकार देऊ नका. ज्ञान मागा (याकोब १:५), माहिती काढा, हिशेब मांडा, वडीलधाऱ्यांशी बोला. आणि शास्त्राने मोकळं सोडलेल्या गोष्टीत दुसऱ्या कुणाच्याही अनुभवाने तुम्ही बांधले जात नाही. "तू माझी पत्नी व्हावीस असं प्रभूने मला सांगितलं आहे" या वाक्याला "मला अजून सांगितलेलं नाही" हे पुरेसं आणि सभ्य उत्तर आहे.

यहूदाहून बेथेलला गेलेल्या देवाच्या माणसाची गोष्ट इथे आठवते. तिथे काही खाऊ-पिऊ नकोस अशी आज्ञा त्याला थेट मिळाली होती. एका वृद्ध संदेष्ट्याने "देवदूत माझ्याशी बोलला" असं खोटंच सांगून त्याला जेवायला परत नेलं, आणि वाटेत सिंहाने त्याला मारलं (१ राजे १३). खोटं बोलणारा जगला आणि ऐकणारा मेला, हे मला आजही बोचतं.

खरं निघालं म्हणजे देवाचं, असं नाही

दुसरा प्रश्न: हा अनुभव येशू ख्रिस्ताविषयी काय म्हणतो? योहानाची कसोटी नेमकी आहे: येशू ख्रिस्त देहाने आला हे तो आत्मा कबूल करतो का (१ योहान ४:२). पौल म्हणतो, स्वर्गातल्या दूताने जरी वेगळी सुवार्ता सांगितली तरी ती स्वीकारू नका (गलती १:८). अनुभवानंतर ख्रिस्त तुमच्या नजरेत मोठा झाला, की अनुभव सांगणारा माणूस मोठा झाला? तारण ख्रिस्ताबरोबर आणखी कशावर, कुठल्या खास अभिषेकावर किंवा खास गटावर अवलंबून असल्यासारखं वाटू लागलं का?

इथे लोक सर्वात जास्त फसतात, कारण त्यांच्या हाती एक पुरावा असतो: "पण तो म्हणाला तसंच झालं!" अनुवाद १८:२२ प्रमाणे सांगितलेलं घडलं नाही तर ते परमेश्वराचं नव्हे. उलट बाजूने मात्र हा नियम चालत नाही. अनुवाद १३ मध्ये संदेष्ट्याने दिलेलं चिन्ह खरं ठरतं, आणि तरीही तो दुसऱ्या देवांकडे ओढत असेल तर त्याचं ऐकायचं नाही असं सांगितलं आहे. फिलिप्पैतली दासी पौलाविषयी शब्दन् शब्द खरं ओरडत होती, "हे परात्पर देवाचे दास आहेत". तिच्यातून आत्मा घालवला गेला, कारण तो भविष्य सांगणारा दुरात्मा होता (प्रेषितांची कृत्ये १६:१६-१८). तुमच्या आजोबांचं नाव अचूक सांगणाऱ्याला एवढ्यावरून मान देऊ नका.

वचन मिळालं, पण कसं वाचलं?

"मला वचन मिळालं" हे ऐकल्यावर मी विचारतो, आधीची दहा आणि नंतरची दहा वचनं वाचलीस का? रानातल्या परीक्षेत सैतानानेही वचनच दिलं होतं, स्तोत्र ९१ मधलं. त्यातले "तुझ्या सर्व मार्गांत" हे शब्द त्याने गाळले. येशूने स्तोत्र नाकारलं नाही. त्याच्या शेजारी अनुवाद ६:१६ ठेवलं. एका वचनाची पारख दुसऱ्या वचनाने होते.

यिर्मया २९:११ हे बहुधा सगळ्यात जास्त "मिळणारं" वचन: तुमच्याविषयी माझ्या मनात हिताचे संकल्प आहेत. हे बाबेलात नेलेल्या कैद्यांना लिहिलेल्या पत्रातलं आहे. आधीच्याच वचनात मुदत दिली आहे, सत्तर वर्षं. म्हणजे पत्र ऐकणाऱ्यांतले कितीतरी जण परत आलेच नसणार. आठव्या वचनात तर आपल्या संदेष्ट्यांच्या आणि स्वप्नांच्या नादी लागू नका असा इशारा आहे. अठ्ठाविसाव्या अध्यायात हनन्याने दोन वर्षांत सुटका होईल असं गोड भाकीत केलं होतं, आणि ते खोटं ठरलं. अकरावं वचन वही-भिंतीवर लावणाऱ्यांनी हा शेजार एकदा पाहावा. वचन त्याने लहान होत नाही. सत्तर वर्षं धीर धरायला लावणारं होतं.

डोळे मिटून बायबल उघडायचं आणि बोट ठेवायचं, हा प्रकार मीही केला आहे. नोकरी सोडायच्या विचारात होतो. पान उघडलं ते उत्पत्ती १२: आपला देश सोड. राजीनामा लिहायलाच घेतला. मग लक्षात आलं, महिनाभर मी अब्राहामाचाच अभ्यास करत होतो आणि पुस्तकाची बांधणी त्या पानाशी सैल झाली होती. ते बायबल अजूनही तिथेच उघडतं.

पण पेत्राचं काय?

चाणाक्ष वाचक इथे अडवेल. पेत्राच्या दृष्टांताने तर शास्त्रात निषिद्ध असलेले प्राणी "मार आणि खा" असं सांगितलं. मग शास्त्राच्या कसोटीवर तो नापासच व्हायला हवा होता.

प्रेषितांची कृत्ये १० सावकाश वाचा. पेत्राने आधी नकार दिला. तीनदा तेच घडूनही तो लगेच खायला धावला नाही. याचा अर्थ काय या कोड्यात पडला, असंच तिथे लिहिलं आहे. तेवढ्यात कर्नेल्य या यहूदी नसलेल्या रोमी अधिकाऱ्याची माणसं दाराशी आली. तो त्यांच्याबरोबर निघाला तो एकटा नाही, सहा बंधूंना घेऊन (११:१२). कर्नेल्याच्या घरी जे घडलं ते सगळ्यांनी पाहिलं, आणि तेव्हा कळलं की दृष्टांत मुळात ताटातल्या मांसाचा नव्हता, माणसांचा होता. पुढे यरुशलेमेत त्याला जाब विचारला गेला. "मला दृष्टांत झाला आहे, तुम्ही कोण विचारणार?" असं तो म्हणाला नाही, पहिल्यापासून क्रमाने सगळं सांगितलं. अखेर पंधराव्या अध्यायात, सभेत, याकोबाने त्याच्या साक्षीशेजारी जुन्या करारातल्या आमोस संदेष्ट्याचं वचन ठेवलं: परराष्ट्रीयही प्रभूला शोधतील. जे नवं वाटलं होतं ते जुन्या शास्त्रात आधीपासून होतं. प्रेषिताचा अनुभवसुद्धा इतक्या हातांतून गेला. शास्त्राविरुद्ध वाटणारा अनुभव आला असेल आणि तुमच्याकडे ना साक्षीदार, ना मंडळी, ना आमोस, तर पेत्राचं नाव घेऊ नका.

कुणाला विचारायचं

करिंथच्या मंडळीला पौल सांगतो, दोघा-तिघांनी संदेश द्यावा आणि इतरांनी निर्णय करावा (१ करिंथ १४:२९). मासेदोनियाचा दृष्टांत एकट्या पौलाला झाला, पण देवाने बोलावलं आहे असं अनुमान "आम्ही" काढलं, असं लूक लिहितो (प्रेषितांची कृत्ये १६:१०).

दोन-तीन माणसं निवडा. शास्त्र जाणणारी, तुम्हाला ओळखणारी, आणि तुमच्या निर्णयात ज्यांचा फायदा-तोटा नाही अशी. त्यांत एक तरी सहसा "नाही" म्हणणारा असू द्या. अहाब राजाकडे सुमारे चारशे संदेष्टे होते आणि सगळे एका सुरात "स्वारी कर" म्हणाले. खरं बोलला तो एकटा मीखाया, ज्याच्याविषयी राजाचं म्हणणं होतं की हा माझं कधी चांगलं सांगतच नाही (१ राजे २२). चारशे जणांचं एकमत झालं, तरी ते सगळे एकाच ताटात जेवणारे असतील तर ती एकच साक्ष धरायची.

त्यांच्यासमोर वही ठेवा, तुमचा अर्थ सांगू नका. आधी फक्त घडलेलं वाचून दाखवा आणि त्यांना काय वाटतं ते ऐका.

संदेश कुणा पाहुण्या वक्त्याकडून आला असेल तर पैशाची बाजू तपासा. दिदाखे या अगदी आरंभीच्या ख्रिस्ती शिकवणुकीत साधा नियम आहे: आत्म्याने बोलतो म्हणून स्वतःसाठी पैसे मागेल त्याचं ऐकू नका, गरजूंसाठी मागेल तर दोष लावू नका. आणि जो "हे पाळकांना सांगू नकोस, घरात बोलू नकोस" म्हणतो, त्याचा संदेश त्याच दिवशी पाळकांना आणि घरात सांगा.

फळाला वेळ लागतो

सभेत अश्रू आले, अंग थरथरलं, हलकं वाटलं. यातलं काहीच फळ नव्हे. चमत्कार आणि संदेश हेही नव्हे; "तुझ्या नावाने आम्ही संदेश दिला" म्हणणाऱ्या पुष्कळांना प्रभू "तुमची माझी ओळख नव्हती" म्हणणार आहे (मत्तय ७:२२-२३). फळ म्हणजे प्रीती, शांती, सहनशीलता, इंद्रियदमन (गलती ५:२२-२३). तीन महिन्यांनी वही उघडा आणि घरच्यांना विचारा, माझ्यात काय बदललं? स्वतःला विचारू नका. आपण अनुभवी झालो असं वाटून इतरांना कमी लेखू लागलो असलो, तर पौलाने कलस्सैकरांना ज्याबद्दल सावध केलं तेच आपलं झालं आहे (२:१८). त्याला स्वतःला तिसऱ्या स्वर्गापर्यंत नेलं गेलं, आणि ते त्याने चौदा वर्षांनी, तेही "एक मनुष्य मला ठाऊक आहे" अशा आडवळणाने लिहिलं. त्यानंतर तो बोलला आपल्या देहातल्या काट्याविषयी, म्हणजे स्वतःच्या दुबळेपणाविषयी (२ करिंथ १२).

इथे वही बाजूला ठेवून डॉक्टर गाठा

आवाज स्वतःला किंवा दुसऱ्याला इजा करायला सांगत असतील, कित्येक रात्री झोप नसेल आणि तरी थकवा जाणवत नसेल, चालू औषध बंद करायचा "संदेश" आला असेल, तर ही पारख करत बसायची वेळ नाही. त्याच दिवशी डॉक्टरकडे जा किंवा न्या. त्यात विश्वासाची उणीव नाही. पौलाचा सोबती लूक वैद्य होता, आणि तीमथ्याच्या पोटासाठी पौलाने थोडा द्राक्षारस सुचवला. बरं वाटल्यावर अनुभवाबद्दल बोलायला भरपूर वेळ आहे.

सांगायचं कसं, आणि चुकलं तर

एवढं करूनही पुष्कळदा उत्तर "ठाऊक नाही" असंच येतं. तसंच लिहून ठेवा. मरियेने सगळ्या गोष्टी मनात ठेवून त्यांचं मनन केलं (लूक २:१९); ती लगेच कुठे साक्ष द्यायला उभी राहिली नाही.

साक्ष द्यायचीच तर यिर्मया २३:२८ प्रमाणे द्या: ज्याला स्वप्न पडलं त्याने ते स्वप्न म्हणून सांगावं, ज्याच्याकडे वचन आहे त्याने वचन सांगावं; भुसाचा गव्हाशी काय संबंध? म्हणजे "प्रभू म्हणतो" ऐवजी "मला असं स्वप्न पडलं, त्याचा अर्थ असा असावा असं वाटतं, तुम्ही पारखून घ्या". ऐकणाऱ्याला नाही म्हणायला जागा राहते.

आणि प्रभूच्या नावाने आधीच बोलून बसला असाल, चूकही कळली असेल, तर नाथान पाहा. दावीदाला मंदिर बांधायचं होतं. नाथान म्हणाला, जा, तुझ्या मनात आहे ते कर, परमेश्वर तुझ्याबरोबर आहे. त्याच रात्री वचन आलं ते उलट, आणि नाथानाने राजाकडे जाऊन ते जसंच्या तसं सांगितलं (२ शमुवेल ७). ज्यांच्यासमोर बोललात त्यांच्याचसमोर परत जा. चार जणांत बोलला असाल तर चार जणांत, मंडळीत बोलला असाल तर मंडळीत. वाक्य छोटं ठेवा: "त्या दिवशी मी जे प्रभूचं म्हणून सांगितलं ते माझं होतं. त्यावरून कुणी काही ठरवलं असेल तर कृपा करून थांबा." मग ज्याने खरंच त्यावरून काही ठरवलं होतं, त्याच्या घरी जा आणि ते निस्तरायला मदत करा.